डोळ्यात व्हॉल्व्ह बसवल्यानंतरचं पण छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

काचबिंदूवर आपल्या पेपरात अधूनमधून येतं, वेळेवर तपासा, थेंब चुकवू नका वगैरे, ते बरोबरच आहे, पण थेंबांनी भागलं नाही म्हणून ज्यांच्या डोळ्यात व्हॉल्व्ह बसवलाय त्यांच्याबद्दल एक ओळ दिसत नाही म्हणून हे पत्र.

माझ्या आईला बसवलाय. बारीक नळी बुबुळाच्या आत शिरते आणि तिला जोडलेली छोटी चकती वरच्या पापणीखाली, पांढऱ्या भागावर शिवलेली असते, डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हे) नळीतून चकतीवर येतं आणि तिथून जिरतं. ऑपरेशननंतर डोळ्याचं प्रेशर ३४ वरून १२ वर आलं, आम्हाला वाटलं सुटलो. सहाव्या आठवड्यात परत २७! मला वाटलं नळी चोकअप झाली असणार, पण नळी साफ होती. चकती ही बाहेरची वस्तू, म्हणून शरीराने तिच्याभोवती व्रणाची पिशवी बनवली होती, आणि ती जाड झाली की पाणी झिरपतच नाही. डॉक्टरांनी आईला खाली बघायला लावून पापणी उचलून मला दाखवलं, चकतीवर ताणलेला टपोरा फुगा दिसत होता.

याला हायपरटेन्सिव्ह फेज म्हणतात, अहमद नावाच्या व्हॉल्व्हमध्ये पहिल्या तीनेक महिन्यांत हे बऱ्याच जणांना होतं. ऑपरेशनआधी आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं, याचा मला अजून राग आहे. त्या आठवड्यात आई रोज रडायची, तिला वाटायचं आपणच डोळा चोळला असेल.

बरं, पिशवी अजिबातच नको असंही नाही. ती नसेल तर पाणी भसाभस वाहून डोळा मऊ पडतो, म्हणून तर बेअरवेल्टसारख्या बिनव्हॉल्व्हच्या इम्प्लांटमध्ये नळी विरघळणाऱ्या दोऱ्याने बांधतात, पाचसहा आठवड्यांनी दोरा सुटेपर्यंत पिशवी धरलेली असते. फक्त ती पातळ राहायला हवी. त्यासाठी स्टेरॉइडचे थेंब असतात, शिवाय प्रेशर चढायची वाट न बघता पाणी कमी करणारे थेंब लवकर सुरू करतात, कारण सुरुवातीच्या त्या पाण्यातच व्रण वाढवणारे घटक असतात. कडक प्लास्टिकपेक्षा सिलिकॉनची चकती बरी पडते. मायटोमायसिन हे व्रण रोखणारं औषध नेहमीच्या ट्रॅबच्या (ट्रॅबेक्युलेक्टॉमी, म्हणजे चकती न बसवता पाण्याला वाट करून देण्याच्या) ऑपरेशनमध्ये उपयोगी पडतं, चकतीभोवती मात्र त्याचा तितका खात्रीचा फायदा दिसलेला नाही. चकतीतूनच हळूहळू औषध सुटेल असे प्रयोग चालू आहेत आणि त्यांची खरंच गरज आहे, कारण अहमद आणि बेअरवेल्टच्या एका मोठ्या तुलनेत पाच वर्षांत अनुक्रमे ५३ आणि ४० टक्के इम्प्लांट फेल धरले गेले, बहुतेक वेळा कारण परत चढलेलं प्रेशर.

आईचं आता थेंबांवर १५ आहे. एखाद्या काचबिंदूतज्ज्ञाकडून यावर लेख लिहून घ्या ही विनंती, आणि त्यात चौथ्या ते आठव्या आठवड्याची तपासणी बरं वाटतंय म्हणून टाळायची नाही, हे ठळक अक्षरात येऊ द्या.

आपला,
एक नियमित वाचक