डाव्या बाजूच्या पत्र्यासाठी, काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

गाडीची डावी बाजू झाली. आतली सिल (दाराखालच्या लांब पट्टीचा आतला पत्रा), तिला लागून असलेली फ्लोअरची कड आणि मागच्या चाकाच्या कमानीचा आतला पत्रा, तिन्ही नवे बसले. पुढचं दार आता हलकं ढकललं तरी नीट लागतं. तोंडी आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहून काढतेय. जाहीरपणे लिहितेय, कारण तुम्ही शिकवलंत ते घरच्या घरी जुन्या गाडीचा पत्रा बदलायला निघालेल्या प्रत्येकाच्या कानावर पडायला हवं.

नवे पॅनेल येऊन पडले होते, वेल्डिंग मशीन तयार होतं, हात शिवशिवत होते. तुम्ही आधी ग्राइंडर बाजूला ठेवायला लावलात आणि गाडीखाली टॉर्च मारून मला तिची रचना दाखवलीत. 1922 ची लान्सिया लॅम्बडा, 1934 ची सित्रोएन ट्रॅक्सियाँ आव्हाँ, स्वतंत्र चासी, म्हणजे खालचा सांगाडा, जाऊन बॉडीनेच भार पेलणं, हे सगळं मी वाचलेलं होतं. पण बाहेरची सिल, मधला पत्रा आणि आतली सिल मिळून दाराखाली जी बंद पेटी होते, तिच्यावर किती काही अवलंबून असतं ते तुम्ही बोट ठेवून दाखवलंत. त्यातली एक बाजू काढली की झाकण काढलेल्या खोक्यासारखी बॉडी पिळवटते. तशाच स्थितीत नवा पत्रा जोडला, तर तो पीळ कायमचा पक्का होतो. मग दारं कितीही तासा, फटी सारख्या होत नाहीत.

म्हणून कापाकापीच्या आधी मोजमापं. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण, बिजागरीच्या बोल्टपासून लॉकपर्यंतचं अंतर, दाराभोवतीची फट वर, मध्ये आणि खाली. खडूने खुणा करून प्रत्येक माप तुम्ही वहीत उतरवायला लावलंत, आणि न कापलेल्या उजव्या बाजूचीही मापं घ्यायला लावलीत. त्यानंतर चौकोनी पाइपचे आधार: एक दारापुढच्या पिलरपासून, म्हणजे उभ्या खांबापासून, मागच्या पिलरपर्यंत, एक गाडीच्या आडवा. आधार असे जोडायचे की दार लावून बघता यायला हवं, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला सुचलंच नसतं. दार लावून फट तपासता येत नसेल तर आधार देऊन अर्धंच काम होतं. गाडी ज्यांवर टेकवली होती त्या घोड्याही तुम्ही सरकवून सस्पेन्शन जिथे बॉडीला धरतं तिथे घेतल्यात, म्हणजे चाकांवर असताना बॉडीवर जसा भार येतो साधारण तसाच येईल. आणि एका वेळी एकच बाजू उघडायची, हा नियम तुम्ही शेवटपर्यंत मोडू दिला नाहीत.

जुना पत्रा काढतानाची तुमची सबुरी मला सगळ्यात जास्त आवडली. कटिंग व्हील फिरवून तुकडा पाडणं सोपं. तुम्ही मात्र गंज खरवडून एकेक स्पॉट, म्हणजे दोन पत्रे जोडणारा वेल्डचा ठिपका, शोधायला लावलात. त्यावर पंचने खूण, मग स्पॉट काढायचं कटर, आणि वरचा पत्रा सुटला की लगेच थांबायचं. खालचा पत्रा शाबूत राहिला पाहिजे, कारण नव्याला जोडायचं ते त्यालाच. आत काय निघालं ते तुम्ही पाहिलंतच: पाणी निचरायची भोकं मातीने बुजलेली, पेटीत ओलसर गाळ, आणि दोन पत्र्यांच्या जोडात गंजाचे पापुद्रे. पत्रा आतून सडत आलेला असतो आणि रंगावर दिसतो तो फक्त एक फुगवटा.

नवा पत्रा क्लॅम्प आणि सेल्फ स्क्रूने नुसता टांगून, बाहेरची सिलही त्यावर लावून, दार मिटून पुन्हा सगळी मापं. कंटाळवाणं वाटावं इतक्या वेळा तुम्ही हे करवून घेतलंत. आता ते दार लागताना बघते तेव्हा तुमची चिकाटी आठवते.

वेल्डिंगचं थोडक्यात लिहिते, कारण त्यात हाताची सवयच जास्त. पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा, त्याला 0.6 मिलिमीटरची वेल्डिंगची तार. स्पॉटच्या जागी भोकं पाडून ती भरायची. सलग रेघ ओढायची नाही. एक टाका इथे, पुढचा लांब तिकडे, मधल्या वेळात पत्रा निवू द्यायचा, नाहीतर तो आखडून ओढला जातो. जस्ताचा मुलामा जोडापासून खरवडून काढायचा, कारण जस्त 907 अंश सेल्सिअसलाच उकळतं आणि पोलाद वितळतं ते 1500 च्या आसपास. म्हणजे टाका पडायच्या आत जस्ताचा धूर नाकात जातो आणि थंडी वाजून ताप भरतो. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी आधीच बाहेर, गालिचे आणि सीटही. तरी वेल्डिंग चालू असताना तुम्ही दुसऱ्या बाजूला अग्निशामक घेऊन उभे असायचात, आणि काम थांबल्यावरही बराच वेळ तिथून हलायचा नाहीत. काका, हे मी विसरणार नाही.

तुम्ही मनात आणलं असतं तर हे सगळं माझ्याहून कितीतरी लवकर उरकलं असतं. पण तुम्ही काम मला करू दिलंत आणि उजेडाची टॉर्च स्वतः धरलीत. टाका बसला की नाही हे पत्र्याच्या मागच्या बाजूने बघायला शिकवलंत. जिथे बसला नव्हता तिथे काही न बोलता खडूने गोल केलात.

पुढच्या कामाचं सांगते. जोडांवर सीलर भरून झालंय. रंगानंतर पेटीत मेण फवारायचं, आणि त्यात निचऱ्याची भोकं बुजणार नाहीत हे तार घालून बघायचं. मग उजवी बाजू. वहीत तिची मापं आहेतच, आणि या वेळी आधार मी एकटीने जोडून ठेवणार आहे. तुमच्या सवडीने या आणि तपासा. काही चुकलं असेल तर खडू हातोड्यांच्या खणात ठेवलाय.

तुमची पुतणी