विषय : अंधेरीतील ऑफिसचे अर्धवट काम आणि आज फोनवर मिळालेले उत्तर

प्रति,
प्रकल्प व्यवस्थापक

आज सकाळी तुमच्या सेवा विभागाला चौथा फोन केला. तो ठेवल्या ठेवल्या हे पत्र लिहीत आहे.

मीटिंग रूमची पार्टिशन तुम्ही फॉल्स सीलिंगपाशी थांबवली आहेत. ती स्लॅबपर्यंत नेऊन आत आवाज शोषणारे ५० मिमी ग्लासवूल भरायचे, असे बीओक्यूमध्ये, म्हणजे ठरलेल्या कामांच्या आणि मालाच्या यादीत आहे आणि त्यावर तुमची सही आहे. सीलिंगची एक टाइल उचलून टॉर्च मारा, उजेड थेट शेजारच्या खोलीत पोचतो. आवाजही त्याच वाटेने जातो. दोन्ही बाजूंनी दुहेरी जिप्सम बोर्ड लावले, पण भिंत वरून उघडी ठेवली, तर त्या बोर्डांचे पैसे आम्ही कशासाठी मोजले? शिवाय दाराखाली १२ मिमी फट आहे आणि दार बंद होताच खाली येऊन ती बुजवणारी पट्टी, म्हणजे ड्रॉप सील, बसवलेलेच नाही. एसीच्या घरघरीकडे माणूस दुर्लक्ष करू शकतो. समजणाऱ्या शब्दांकडे नाही. आत कोणाच्या पगाराची चर्चा चालली की बाहेर अकाउंट्सच्या टेबलांवर काम थांबते.

हे सगळे आज पुन्हा सांगितले. उत्तर आले, "सर, ओपन ऑफिसमध्ये थोडा आवाज येणारच." मी म्हटले, मी ओपन ऑफिसबद्दल बोलत नाही, बंद मीटिंग रूमबद्दल बोलतोय. "मग कुंड्या ठेवून बघा सर, झाडं आवाज शोषतात." पार्टिशनवरची उघडी जागा कुंडीने कशी बंद होणार, असे विचारले. त्यावर, "महिनाभरात स्टाफला सवय होते सर, सगळ्या क्लायंटकडे होते." आणि मागे कोणीतरी हसले. ४६ माणसे तिथे रोज नऊ तास बसतात. त्यांना सवय व्हावी म्हणून आम्ही तुम्हाला काम दिले नव्हते. ते हसणे मी विसरणार नाही.

आता हवेबद्दल. सीलिंगमध्ये बसवलेल्या दोन कॅसेट एसींचा झोत थेट खालच्या टेबलांवरच्या माणसांच्या मानेवर येतो, आणि पश्चिमेच्या काचेजवळचे लोक चार वाजता घामाघूम असतात. सेन्सर कॅसेटच्या आत, सीलिंगला आहे. काचेजवळचे ऊन त्याला कळत नाही. सेटिंग २४ वरून २१ केल्याने मधल्या रांगा गारठतात, एवढेच होते. झोत वळवणारे डिफ्लेक्टर आणि काचेला रोलर ब्लाइंड हा त्यावरचा उपाय. कॅसेट आतलीच हवा फिरवते, बाहेरची आणत नाही. त्यासाठीचा फ्रेश एअर डक्ट बीओक्यूमध्ये आहे, पण त्याचा फॅन जोडलेला नाही. बाहेर कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२०) असतो. आमच्या मीटरवर दुपारी तीनला १,७०० दिसतो. हजाराच्या खाली ठेवायचा असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. जेवणानंतरच्या जांभया नुसत्या जेवणामुळे येत नाहीत.

टेबलांवर ५०० लक्स उजेड मिळतो, ते काम बरोबर आहे. पण पॅनेल दिव्यांचे ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारे भाग) बदलावे लागतील : मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये पट्टे सरकताना दिसतात. ५० हर्ट्झच्या विजेवर हलक्या प्रतीचा ड्रायव्हर दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज करतो. डोळ्यांना ते जाणवत नाही, तरी काहींचे डोके संध्याकाळपर्यंत दुखते.

निविदेच्या वेळी तुमचा माणूस टेप घेऊन एकेका खुर्चीशी बसला, कोपराची उंची मोजून टेबलाची उंची ठरवली. त्यामुळेच आम्ही तुम्हाला निवडले. त्याच कंपनीने भिंत अर्धवट सोडावी, याचे वाईट वाटते.

१५ दिवसांत पार्टिशन स्लॅबपर्यंत गेली नाहीत, तर रोखलेली ५ टक्के रक्कम आम्ही दुसऱ्या कंत्राटदाराला देऊ, वरचा खर्च तुमच्याकडून वसूल करू आणि वकिलाची नोटीस पाठवू. पार्टिशनचे काम आधी, बाकीचे नंतर. ठोकाठोकीला बिल्डिंगमध्ये शनिवारी दोननंतरच परवानगी आहे. जिप्समचा कारागीर पाठवा, आणि स्वतः या : शिडी आमच्याकडे आहे, टॉर्च तुम्ही आणा.