मंदीला फिट येतच नव्हती

नाशिक, २१ डिसेंबर

प्रिय सुमे,

हे फोनवर बोलता आलं नसतं. तुझी सकाळ म्हणजे माझी संध्याकाळ, तेव्हा घर भरलेलं असतं, आणि दादाच्या कानावर गेलं की पुन्हा वाद. म्हणून लिहिते. माझे गुडघे आहेत तसेच आहेत, आईची शुगर ठीक.

दादाची पिंकी गेल्या आठवड्यात बाथरूममध्ये पडली. न्हायला गेली होती. पाण्याचा आवाज चालू, पण हाकेला ओ नाही. वहिनीने दार बडवबडव बडवलं, शेवटी दादाने खांदा मारून कडी उखडली. पोरगी भिंतीला टेकून बसलेली, मान कलंडलेली, हात आखडलेले. हॉलमध्ये आणून खिडक्या उघडल्या, तशी थोड्या वेळाने शुद्धीवर आली. मग उलटी, आणि ‘डोकं फुटतंय’. कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर बोटाला लावला तर ९८! सगळ्यांना हायसं वाटलं. जवळच्या डॉक्टरांनी फिट म्हणून सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या, आणि वहिनीने त्याच रात्री मला विचारलं, ‘मुलाकडच्यांना कळवायचं का गं?’

तुला आता कोण आठवलं ते मला ठाऊक आहे.

आठव ना सुमे. आपली मंदी लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत अशीच पडली, दुसऱ्या थंडीत पुन्हा. ‘रोग लपवून मुलगी गळ्यात मारली’ म्हणत तिला माहेरी आणून सोडली. पण माहेरी ती अंगणातल्या बंबाचं पाणी बादलीत घेऊन न्हायची, तिथे कधी पडली? उन्हाळ्यात कधी पडली? तिच्या सासरचं ते न्हाणीघर तूही पाहिलंयस. भिंतीवर पांढरा डबा, कोपऱ्यात सिलिंडर, वर वीतभर झरोका. ‘नळाला गरम पाणी!’ म्हणून तू उगीच दोनदा हात धुतले होतेस. मी तेव्हा तिच्या सासऱ्यांना जाऊन जाब विचारू म्हणत होते, तर तू म्हणालीस, ‘डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं का?’ त्यावरून केवढा अबोला धरला होता आपण! माझं अजूनही म्हणणं आहे, जायला हवं होतं.

पिंकीला मी हट्टाने न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं. बाईंनी आधीचे कागद बाजूला सारले आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘आंघोळीला गॅस गीझर होता का?’ मला खुर्चीत बसवेना. छोट्या बंद बाथरूममध्ये गीझरची ज्योत आतलाच ऑक्सिजन खाते. तो कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. ऑक्सिमीटरला दोघांतला फरकच कळत नाही, म्हणून ते ९८. खरी तपासणी वेगळी, कार्बॉक्सिहिमोग्लोबिनची, म्हणजे हा गॅस चिकटलेल्या हिमोग्लोबिनची, आणि तीही लगेच करावी लागते. साध्या हवेत चार-पाच तासांत त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. आम्ही पोचलो तोवर रक्तात सापडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. लगेच दवाखान्यात नेऊन मास्कने शुद्ध ऑक्सिजन द्यायचा असतो, त्याने ते तास-दीड तासात निम्मं होतं. आता काही आठवडे तिच्या विसरण्यावर, चालण्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय, कारण त्रास कधीकधी उशिरा दिसतो. असे कितीतरी जण फिटच्या गोळ्या खात बसतात, असं बाई म्हणाल्या.

आणि दादा! ‘गॅसचा वास कुठे आला होता?’ अरे, सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. बंबाच्या धुराने निदान डोळे तरी चुरचुरायचे. (हॉस्टेलवर बंब मागच्या अंगणात होता म्हणून बरं, नाहीतर तुझ्या त्या तासभराच्या आंघोळी आणि वर गाणी! बाहेरच्या रांगेतल्या मुलींच्या शिव्या अजून कानात आहेत.) मी स्वतः दादाचा गीझर चालू करून पाहिला. ज्योत निळी हवी, ती पिवळी फडफडत होती. वरच्या टाइलवर काजळीचा पट्टा. खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांवर थंडी येते म्हणून थर्माकोल चिकटवलेलं, एक्झॉस्ट फॅनमध्ये कबुतराच्या काड्या. तरी म्हणतो, ‘इतकी वर्षं काही झालं नाही.’ तेव्हा मी त्याला नेपाळमधलं दामन सांगितलं. जानेवारी २०२०, केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार मुलं, हॉटेलच्या बंद खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले ते उठलेच नाहीत. त्यावर गप्प झाला. प्लंबर म्हणतो, गीझर आणि सिलिंडर दोन्ही ड्राय बाल्कनीत नेऊ, भिंतीतून फक्त गरम पाण्याचा पाइप आत घेऊ. दादाचं ‘बघू’ चाललंय. तोवर पिंकी माझ्याकडे न्हायला येते, आणि वहिनीला मी बजावलंय की बादली भरून गीझर बंद केल्याशिवाय कोणी दार लावायचं नाही.

आता तुझं. बेसमेंटमधली घर तापवायची गॅसची भट्टी, ती फर्नेस, या वर्षी कोणाला दाखवलीस का? तो कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चिवचिवतो म्हणून तू त्याचा सेल काढून ठेवला होतास, मागच्या वेळी हसत सांगत होतीस. आजच्या आज घाल. आणि अलार्मच्या मागे साल छापलेलं असतं ते बघ, मुदत संपली असेल तर नवा आण. बर्फ पडला की फर्नेसच्या बाहेरच्या पाइपचं तोंड मोकळं करायचं, आणि भाऊजींना सांग, गॅरेजमध्ये गाडी तापवत ठेवायची नाही, शटर उघडं असलं तरी नाही. रोहनला नोकरी लागली ना? छान झालं. तुझा सांधा शेकतेस की नाही?

मंदीचं राहिलं. ती अजून गोळ्या घेते, अजून आंघोळीला जाताना कडी लावत नाही. मी संक्रांतीला तिच्याकडे जाऊन हे सगळं सांगणार आहे, आणि पिंकीच्या डॉक्टरबाईंकडे तिला घेऊन जाणार आहे. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, हेही सांगेन. पण आधी तू तिला फोन कर. तुझं ती ऐकते. आणि या वेळी मला ‘जाऊ दे’ म्हणू नकोस.

तुझी,
विजू