नाना पेठेतल्या लेथवाल्या काकांस

काका, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल की नाही, शंकाच आहे. तुमचा फोन बटणांचा, आणि तोही लेथशेजारच्या खिळ्यावर पिशवीत टांगलेला. पण परवा बाबांची बुलेट दिवे घाट चढून गेली. वर थांबून मी खाली मस्तानी तलाव बघत बसले, इंजिन थंड होताना टिक टिक वाजत होतं, आणि एकदम तुमची आठवण आली. घरी येऊन हात धुतले आणि लिहायला बसले.

गाडी १९८२ची. ३४६ सीसी, बिडाचा सिलिंडर, गिअर उजव्या पायाला. बाबा गेल्यावर ती तीन वर्षं पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली होती. मग मी ती एका काचेच्या दाराच्या, कॉफी मशीनवाल्या गॅरेजात दिली. चार महिने आणि बत्तीस हजार रुपये गेले. गाडी देताना त्यांनी इंजिनच्या माथ्यावरचं रॉकरचं झाकण काढून ऐटीत दाखवलं, "बघा मॅडम, तेल वरपर्यंत आलंय." मीही मान डोलावली. चारशे किलोमीटरसुद्धा झाले नसतील, याच दिवे घाटात खालून टकटक सुरू झाली, आणि गाडी टेम्पोत घालून परत आणावी लागली. "जुनी गाडी आहे, असं व्हायचंच," इतकंच उत्तर मिळालं. वर एकजण म्हणाला, "मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावतो." माझ्या मिस्टरांना स्कूटीचा प्लग कुठे असतो तेही माहीत नाही. ते स्वतःच हे हसत सांगतात.

त्या रात्री ठरवलं, आता घरीच खोलायचं. बोहरी आळीतून पाने-पुलर आणले, गॅलरीत जुने पेपर अंथरले आणि रोज ऑफिसहून आल्यावर दोन तास बसू लागले. सोसायटीच्या फळ्यावर 'रॉकेलच्या वासाबद्दल' सूचना लागली. कोणी लावली ते मला ठाऊक आहे, पण असो.

क्रँक, म्हणजे पिस्टनखालचा फिरणारा दांडा, उघडण्याची हिंमत नव्हती, म्हणून ती गोणपाटात गुंडाळून नाना पेठेत आले. दोन दुकानांत नीट ऐकूनच घेतलं नाही. तिसरे तुम्ही. तुम्ही आधी लेथ बंद केलात. चालू काम अर्धं सोडून. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. मग क्रँक उघडून कनेक्टिंग रॉडमधला बुश काढलात, दारातल्या उजेडात धरलात. तो तापून निळा-काळा पडला होता. तुम्ही म्हणालात, "याला तेलच मिळालं नाही. टायमिंग कव्हरातलं बूच नवीन घातलं होतं का?"

मी म्हटलं, "कसलं बूच?"

तुम्ही हसला नाहीत. बाकावर खडूने आकृती काढलीत. पंपातून निघालेलं तेल कव्हरमधून क्रँकच्या टोकात शिरतं, आणि त्या सांध्यावर असतं फक्त एक बोटाच्या पेराएवढं बूच. कव्हर उघडलं की ते बदलायचं. जुनं चेपलेलं असतं, तेल तिथूनच गळतं आणि बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँकवरचं टोक, कोरडा राहतो. मी विचारलं, मग रॉकरपाशी तेल कसं दिसलं? तर तिथे तेल जातं ते वेगळ्या, परतीच्या पंपाचं. "वर दिवाळी, खाली एकादशी," तुम्ही म्हणालात. दहा रुपयांचीही नसेल अशी वस्तू, आणि बत्तीस हजारांच्या बिलात तिला जागा नव्हती.

पुढचं सगळं सांगत बसत नाही. नवी पिन, नवा बुश, क्रँक सरळ करून मिळाली, सिलिंडरचं बोअरिंगही तुमच्याचकडे झालं. मला सांगायचंय ते त्या शनिवारचं. पिस्टन हातात देताना तुम्ही म्हणालात, "मी मोजलाय. पण इंजिन तुमचं आहे, तुम्हीही मोजा." आणि खणातून लाकडी पेटी काढलीत. आत फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेला मायक्रोमीटर, तेलाचा पुसट वास, दांड्यावर कोरलेला तुमच्या जुन्या कंपनीतला टोकन नंबर. मागच्या रॅचेटला दोनदा टक टक होऊ द्यायचं, हाताने आवळायचं नाही, पिस्टनमधल्या पिनच्या काटकोनात, खालच्या भागावर म्हणजे स्कर्टवर मोजायचं, एवढं दाखवलंत आणि पेटी माझ्यापुढे सरकवलीत. "घरी न्या. बुधवारी आणा."

काका, तुम्ही माझं नावसुद्धा विचारलं नव्हतंत. टर्नर माणूस एकवेळ जेवणाचा डबा देईल, मायक्रोमीटर देत नाही, हे मला नंतर भोसरीत काम करणाऱ्या मामेभावाने सांगितलं. त्याचा तर विश्वासच बसेना.

घरी पहिल्या तीन वेळी तीन मापं आली. आवळत होते ना! चौथ्यांदा तुमचं माप आलं आणि मी गॅलरीत एकटीच ओरडले. त्याच आठवड्यात आईच्या फ्रीजरमध्ये मटारशेजारी बेअरिंगं होती आणि नानकटाईच्या ओव्हनमध्ये क्रँककेस. गरम केसमध्ये थंडगार बेअरिंग असं अलगद बसलं की आई म्हणाली, "अगं, हे तर अनारशापेक्षा सोपं आहे." तिने बाबांच्या हयातीत त्या गाडीबद्दल एकही बरा शब्द काढला नव्हता.

बुधवारी पेटी परत आणली. मी वाट बघत होते की तुम्ही उघडून बघाल, निदान शून्य जुळतंय का ते तरी. तुम्ही पेटी तशीच खणात ठेवलीत आणि विचारलंत, "माप किती आलं?" मला गॅरेजवाल्यांनी चार महिन्यांत एकदाही काही विचारलं नव्हतं. आपल्याकडे कामाची माणसं भरपूर आहेत, पण गिऱ्हाइकाला घाबरवून गप्प करणारी जास्त. समोरच्याला कळावं म्हणून हातातलं काम थांबवणारा माणूस मला तरी बाबांनंतर तुम्हीच भेटलात. बाबाही असेच, स्टूलवर बसवून पॉइंटमधला गॅप दाखवायचे. मी आठ वर्षांची असेन.

तर, टॅपेट तुम्ही सांगितल्याप्रमाणे थंड इंजिनवर लावले, पुशरॉड दोन बोटांनी फिरतो पण वर-खाली हलत नाही. अँमीटरचा काटा मध्ये आणला, डिकॉम्प्रेसर दाबून पिस्टन वरच्या टोकाच्या जरा पुढे घेतला, आणि किक. तिसऱ्या किकला सुरू. खालच्या मजल्यावरचे आजोबा गॅलरीत आले, म्हणाले, "तुझे बाबा आले असं वाटलं."

तेल पाचशे किलोमीटरला बदलणार होते, तुम्ही तीनशेला म्हणालात, तीनशेला बदललं. काळं निघालं, पण धातूच्या किसाची चकाकी नव्हती त्यात. आणि बसवताना शर्टाच्या खिशातून काढून दिलेल्या त्या नव्या बुचाचे पैसे तुम्ही अजून घेतलेले नाहीत. शनिवारी येते.

तुमची,
१९८२च्या बुलेटवाली