आण्णा, दोष कानांचा नाही

ॲमस्टरडॅम

ती. आण्णा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

आण्णा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "मी काय येत नाही बघ, विमानतळावर मला कायबी ऐकू येत नाही." तेवढ्यात रेंज गेली, म्हणून लिहूनच सांगते. मागच्या प्रवासात एका मोठ्या विमानतळावर फिफ्टीनचं फिफ्टी ऐकून तुम्ही भलत्याच गेटवर गेलात आणि तेव्हापासून आपल्याच कानांना दोष देताय. माझं कामच टर्मिनलमधल्या आवाजाचं आहे. तसल्या हॉलमध्ये धड कानांची माणसंही चुकतात.

बोलताना स्वर दणदणीत असतात, व्यंजनं नाजूक. आणि शब्द ओळखायचा तो व्यंजनांवरून. ग्रॅनाइटची फरशी, काचेच्या भिंती, वर पत्रा, म्हणजे आवाज शोषणारं काहीच नाही. एका अक्षराचा स्वर घुमत असतानाच पुढचं व्यंजन येतं आणि त्यात बुडतं. फिफ्टीनचा शेवटचा 'न' असाच गेला. वयानुसार उंच पट्टीचे आवाज आधी कमी ऐकू येतात, आणि स, फ यांची ओळख त्याच पट्टीत. म्हणून तुम्हाला त्रास जास्त झाला, एवढंच. त्यात लोक आवाज वाढवतात! घोषणा जितकी मोठी, घुमणंही तितकंच मोठं. वर गोंगाटात प्रत्येक जण आपोआप मोठ्यानं बोलायला लागतो. लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं हे 1911 मध्येच मांडलं होतं.

घुमण्याचा हिशेब त्याहून जुना. 1895 मध्ये हार्वर्डच्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं समजेना, तेव्हा वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून तो हॉलमध्ये मांडायचा, ऑर्गनची नळी वाजवून थांबवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. त्यातून निघालेलं सूत्र मी आजही वापरते. 100 मीटर लांब, 60 मीटर रुंद, 12 मीटर उंच हॉल धरा. आवाज दोन सेकंदांत विरायला हवा तर जवळजवळ 5,800 चौरस मीटर संपूर्ण शोषणारा पृष्ठभाग लागतो. सगळं छत मिळून 6,000! फरशीवर बॅगांची चाकं फिरायची, भिंतींना काच हवी, मग उरतं छतच. बारीक भोकांचे पत्रे आणि त्यामागे खनिज लोकरीचा थर, असं ते करतात. खर्चाला कात्री लागली की पहिला घाव याच थरावर पडतो, आणि मला फार राग येतो. वर कोण बघतंय, म्हणतात. नंतर बसवायला गेलं तर टर्मिनल चालू असतं, रात्रीचे चार तास मिळतात.

आपल्या कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात मागच्या रांगेपर्यंत माइकशिवाय शब्द पोचायचा, असं तुम्हीच सांगायचात. भरलेल्या नाट्यगृहात माणसंच, त्यांचे कपडेच, कितीतरी आवाज शोषतात. 2024 च्या आगीनंतर पुन्हा उभारणीचा विषय निघाला की मी पहिल्यांदा विचारते, छताचं काय केलं? खरंच, तिथं दिसण्याइतकंच ऐकू येण्याकडे लक्ष द्यायला हवं.

छत चांगलं झालं की मग स्पीकर. चार मोठे भोंगे लावण्यापेक्षा प्रवाशांजवळ पुष्कळ छोटे, कमी आवाजाचे लावायचे. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, त्यामुळे लांबच्या स्पीकरचा शब्द उशिरा पोचून जवळच्यात गुंततो. म्हणून प्रत्येकाला मोजून उशीर द्यावा लागतो. आणि सगळ्यात चांगला उपाय म्हणजे घोषणाच कमी करणं.

शेतीतली एक गोष्ट खास तुमच्यासाठी. इथल्या स्किफोल विमानतळाची एक धावपट्टी 2003 मध्ये सुरू झाली आणि उड्डाणाच्या वेळचा खर्जातला आवाज सपाट जमिनीवरून गावात जायला लागला. पण शेतं नांगरली की तो कमी व्हायचा! मग तिथं नांगरटीसारखेच, पण पुरुषभर उंचीहून मोठे मातीचे वरंबे घातले. आता तिथं लोक फिरायला जातात. तुम्ही आलात की आपण जाऊ.

तेव्हा यायचंच. उजळाईवाडीच्या विमानतळावरून मुंबईला या. मुंबईत बोर्डिंगच्या नेहमीच्या घोषणा होत नाहीत, त्यामुळे तिथं कान लावून बसू नका. गेटचा नंबर पडद्यावर बघा आणि अधूनमधून पुन्हा बघा, बदलतो. तुमच्या श्रवणयंत्रात 'टी' बटण आहे का, ते दुकानात विचारा. नसेल चालू तर करून घ्या. काउंटरवर कानाचं चित्र आणि 'टी' दिसला की ते दाबायचं, म्हणजे समोरच्याचं बोलणं गोंगाट टाळून थेट यंत्रात येतं. इकडे अशा खुणा बऱ्याच ठिकाणी असतात.

आई, तू यांच्या मागे लागून ते बटण या आठवड्यातच बघून घे. आणि कांदा-लसूण मसाला मोठ्या बॅगेतच भर, दोन पिशव्यांत घट्ट बांधून.

तुमची लेक