माई, पगार मागायला जाताना

वडगाव, बेळगाव
रविवार

चि. माईस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, तीन वर्षं झाली, पगार वाढवून मागू का?" आई शेजारीच बसली होती, म्हणून नुसतं "माग की" म्हणून गप्प बसलो. पोरीनं साहेबाकडं पैसे मागायचे म्हणजे तिला अजून कसंतरी वाटतं.

उद्यमबागेत फौंड्रीत मी 27 वर्षं मोल्डिंगला, म्हणजे धातू ओतायचे वाळूचे साचे भरायला होतो. पहिल्यांदा पगार मागितला तेव्हा मालकांना सांगितलं, घर चालत नाही. ते म्हणाले, "माझं तरी कुठं चालतंय?" चहा पाजला आणि परत पाठवलं. चहा चांगला होता.

मग तुझ्या दादाच्या जुन्या वहीत रोज लिहायला लागलो. आज साच्यांचे बॉक्स किती भरले, कास्टिंग म्हणजे ओतलेले भाग किती बाद झाले, कशानं झाले. वाळूत ओल जास्त झाली की धातू ओतल्यावर वाफ कोंडते आणि आत ब्लो होल पडतात. वरून कळतसुद्धा नाही. मशीनवर पहिला कट मारला की भोक उघडं पडतं, आणि सगळी मेहनत परत भट्टीत. मी वाळू मुठीत दाबून मोडून बघायचो. कड स्वच्छ तुटली तर ठीक, हाताला चिकटली तर परत मिक्सरला. सहा महिन्यांनी वही टेबलावर ठेवली. शंभरात नऊ बाद व्हायची ती चारवर आली होती. मालकांनी वही दोनदा चाळली. या खेपेला घराचा विषयच निघाला नाही, वाढ मिळाली.

तू तपासणीत आहेस. गिऱ्हाइकाकडून परत येणारा माल कमी झाला म्हणालीस, तो कधीपासून आणि किती, ते एका कागदावर घे. त्या नव्या पोराला चार हजार जास्त मिळतात हे मात्र तोंडातून काढू नकोस, बोलणं तुझ्यावरून त्याच्यावर जातं. दुसरीकडची ऑफर खरी हातात असेल तरच सांग. "मग जा" म्हणाले तर जाता आलं पाहिजे.

आता माझी चूक. ती वाढ मिळाली खरी, पण सगळी भत्त्यात. पुढच्या वाढीही तशाच. सह्या केल्या ते कागद कन्नडमध्ये. बोलायला मला येतं, वाचायला नाही, आणि स्टोअरमधल्या अण्णाला विचारायची लाज वाटली. हातात पैसे वाढले, मी खूश. 2016 ला निवृत्त झालो तेव्हा ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा हिशोब आला. शेवटचा बेसिक म्हणजे मूळ पगार आणि डीए म्हणजे महागाई भत्ता, बाकीचे भत्ते नाहीत. त्याला भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. एकूण पगार 15,600 होता, पण बेसिक-डीए मिळून 9,100 च. मिळाले 1,41,750. सगळं बेसिकला असतं तर 2,43,000 झाले असते. लाख रुपये गेले गं, एका न वाचलेल्या कागदापायी! पीएफचे 12 टक्केही बेसिक-डीएवरच कापायचे, तिथंही तेच.

21 नोव्हेंबर 2025 पासून नवा कायदा लागू झालाय. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा. तरी विचारायचं तू सोडू नकोस. "दहा टक्के देतो" म्हणाले तर "कशावर दहा टक्के?" असं तिथंच विचार. पीएफ वाढला की हातात थोडं कमी येईल, तेव्हा कुरकुर करू नकोस. आणि वाटेत, जिन्यात गाठून बोलू नकोस, वेळ मागून घे.

या महिन्याची पगाराची स्लिप मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. चष्मा बदललाय, वाचता येतं. शेजारचे सोमवारी पुण्याला निघालेत, त्यांच्याकडं कुंदा दिलाय.

बोलणं झालं की लगेच फोन कर, रात्र झाली तरी चालेल. आई झोपते म्हणते, पण काल दोनदा विचारलं तिनं, "माईनं विचारलं का हो?"

तुझे,
बाबा