सकाळच्या फोनबद्दल

ती. बाबा व ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

पाकीट बघूनच आई घाबरेल, म्हणून आधी तेवढं सांगते. आम्ही तिघंही ठणठणीत आहोत, कुणाला काही झालेलं नाही आणि पैसेही नकोत. रोज फोन होत असताना पत्र कशाला, असं बाबा म्हणतील. आई, तुझा आवाज जरासा बदलला की फोनवर मी लगेच माघार घेते. या वेळी मला माघार घ्यायची नाहीये, म्हणून लिहितेय.

येत्या सोमवारपासून मी सकाळी सहाचा फोन घेणार नाही.

बाबा, चष्मा काढू नका, पुढे वाचा. फोन बंद होत नाहीये, वेळ बदलतेय. आईची मालिका संपली की सव्वानऊला मीच करीन, आणि तुमचा नातूही त्या वेळी घरात असतो, सकाळी तो झोपेत 'हं हं' करतो तसं होणार नाही. रविवार सकाळ मात्र पूर्वीसारखीच तुमची. दूधवाला आल्यापासून पेपर वाचून होईपर्यंत कोण गेलं, कोण घसरून पडलं, नळाला पाणी किती वाजता आलं, सगळं सविस्तर. रविवारी मी व्यायामाला सुट्टी ठेवली आहे ती त्याचसाठी.

हा फोन कधी सुरू झाला ते मला पक्कं आठवतंय. दादाच्या त्या वर्षानंतर. तेव्हा पहाटे डोळा उघडला की तुम्हाला कुणाचा तरी आवाज हवा असायचा आणि मलाही. त्याबद्दल आपण तिघंही कधी बोललो नाही, आताही नको. पण सोमवारपासूनची ही गोष्ट तुम्हाला सांगायला मला इतके महिने का लागले, हे तुमच्या लक्षात यावं म्हणून लिहिलं.

आता कारण. ऑफिसच्या तपासणीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.२ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे काठावर, ६.५ पासून मधुमेह. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, चालायला लावलं. बाबा, तुम्हाला साखर निघाली तेव्हा तुम्ही पन्नाशी ओलांडलेली होती, मी अजून त्रेचाळीसची आहे. आणि आत्याकडे गेल्यावर दारात चपला काढताना आपण सगळेच खाली बघायचं टाळतो. तेवढं मला पुरेसं झालं.

डॉक्टरांनी मला दोन अभ्यास समजावून सांगितले. अमेरिकेतला २००२ साली छापून आलेला एक. काठावरच्या लोकांना आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायला आणि सात टक्के वजन उतरवायला लावलं, तर त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. नुसत्या गोळीने ते ३१ टक्क्यांनीच घटलं. दुसरा आपल्याकडचा, चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांचा, २००६ चा. त्यात आहार-व्यायामाने साडेअठ्ठावीस टक्के फरक पडला. 'बघ, आपल्याकडे निम्माच,' असं बाबा म्हणणार हे मला इथे बसून ऐकू येतंय. आपल्या घराण्याचा इतिहास बघता मला तो निम्माही हवाय.

सकाळच का, संध्याकाळी कर की, हा पुढचा प्रश्न. संध्याकाळी आमच्या तिकडच्या लोकांची सकाळ उजाडते आणि मीटिंगा सुरू होतात. त्या कधी संपतील ते माझ्या हातात नाही. दुपारी ऊन. रात्री दहावीचं बीजगणित. सहा ते सात हा एकच तास असा आहे की जो कुणी मागत नाही, तुमच्याशिवाय.

बोलत बोलत चालूनही पाहिलं, आठवतंय ना? वेताळ टेकडीचा पहिला चढ लागला की मला धाप लागायची आणि आई तिकडून 'खाली बस, आधी खाली बस' म्हणून ओरडायची. मी बसायचेही. मग आई पाणी पी म्हणायची, बाबा मध्येच फोन घेऊन नाडी मोजायला सांगायचे, आणि तेवढ्यात खाली उतरायची वेळ झालेली असायची. चढताना धाप लागलीच पाहिजे, आई. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला की व्यायाम बरोबर चाललाय असं समजायचं. तू माझ्या दमाला घाबरतेस आणि मी तुझ्या आवाजाला. अशाने दोघींचीही साखर वाढेल.

आता मी फोनचा डेटा बंद करून तो खिशात टाकते. कानात काही घालत नाही. सोमवारी आणि गुरुवारी टेकडी नाही, घरीच डंबेल्स, बैठका आणि भिंतीला हात लावून जोर, कारण नुसतं चालून स्नायू होत नाहीत आणि जेवणातली साखर खर्च करणारे मुख्य गिऱ्हाईक स्नायूच. एकटी जात नाही, शेजारच्या काकू सोबत असतात. नीट दिसायला लागल्याशिवाय चढत नाही, अंगठी आणि मंगळसूत्र घरी ठेवते. पोळ्यांच्या मावशी सातला येतात, दूध तुमचे जावई तापवतात (उतू घालतात, पण तापवतात). मुलगा उपाशी शाळेत जात नाही. माझंही खाणं कमी झालेलं नाही, उलट मोड आलेली कडधान्यं आणि अंडी वाढली आहेत. वजन उतरलं तर 'हडकलीस' म्हणून रडू नकोस.

आता बाबांचं काम. हे मी कुणाला देऊ शकले नसते.

मोबाइलमध्ये ॲप घेतलं होतं, ऑफिसातल्या मैत्रिणींचा ग्रुपही केला होता. ॲप रोज 'शाब्बास' म्हणतं, गेलं तरी आणि नाही गेलं तरी 'उद्या जमेल'. मैत्रिणी एकमेकींना माफ करतात. मला माफ न करणारा माणूस हवा होता. पाटबंधारे खात्यात ज्यांनी इतकी वर्षं मस्टर सांभाळलं, साहेबांच्या मेहुण्यालाही ज्यांनी लाल शाईने लेटमार्क दिला आणि त्यापायी बदली पत्करली, असा माणूस माझ्या घरात असताना मी ॲपला कशाला विचारू?

पद्धत अशी. व्यायाम संपला की पावणेसात ते सातच्या दरम्यान मी तुम्हाला मिस्ड कॉल देईन. उचलायचा नाही. दोन वेळा वाजला की मी कापते. वहीत त्या तारखेला 'ह' लिहायचं. सातनंतर आला तर लेटमार्क, आणि तीन लेटमार्कांची एक किरकोळ रजा हा तुमचाच नियम. आलाच नाही तर 'गै'. कारणांसाठी रकाना ठेवायचा नाही. पाऊस, पाहुणे, पाळी, पाठ, माझ्याकडे सगळी कारणं तयार असतात, ती ऐकायला बसलात तर तुम्हीच विरघळाल. महिनाअखेरीस बेरीज करून रविवारच्या फोनवर वाचून दाखवायची, आईसमोर.

एकच सवलत मागते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये सवय लागायला किती वेळ जातो ते मोजलं होतं. सरासरी ६६ दिवस निघाले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही असंही त्यात दिसलं. तेव्हा एका 'गै'वर फोन करायचा नाही. सलग दोन झाले की रात्री विचारायचं, आणि तेव्हा तुमच्या ऑफिसातल्या आवाजात विचारायचं. आई, मिस्ड कॉल आला नाही म्हणजे बहुतेक मी झोपलेय. नऊपर्यंत थांब, मग जावयांना फोन कर. १०८ ला नको.

तुमच्याच हाताने हे सगळं सुरू झालंय, बाबा. मे महिन्यात अजिंक्यताऱ्यावर नेताना मी मुद्दाम पाय दुखतोय म्हणायचे, तुम्हाला खोटं कळायचं, तरी मंगळाईच्या देवळापर्यंत खांद्यावर घ्यायचात. तुमच्या मानेला खोबरेल तेलाचा आणि घामाचा वास असायचा. आणि गच्चीवरचे सूर्यनमस्कार! औंधच्या पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांतून ते कसे घालून घेतले, ही गोष्ट झाल्याशिवाय पहिला नमस्कार व्हायचा नाही. आई कानटोपी बांधायची, ती चौथ्या नमस्काराला डोळ्यांवर यायची, मी आंधळीच खाली वाकायचे. अजूनही वाकताना एक हात आपोआप कपाळाकडे जातो.

आता माझं ऐकायचं. दोघांनीही.

बाबा, सकाळची ती गोळी घेऊन रिकाम्या पोटी टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत चढायचं नाही. त्या गोळीवर उपाशी चाललं तर साखर एकदम खाली येते. गोळी आधी की फिरून आल्यावर, हे डॉक्टरांना या आठवड्यात विचारा, पुढच्या नव्हे. खिशात साखरेची पुडी ठेवा. हात थरथरले, दरदरून घाम आला, डोकं हलकं झालं, तर तिथेच बसून तीन चमचे साखर खायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायची. छातीत दाब वाटला तर मात्र ॲसिडिटीची गोळी शोधत बसू नका, तेव्हा १०८ लगेच. चपला घालून फिरणं बंद, मोजे आणि बूट. रात्री झोपण्याआधी तळपाय आईला दाखवायचे. लाजू नका.

आणि नातवाने दिलेल्या घड्याळात दहा हजार भरावेत म्हणून रात्री दहा वाजता डायनिंग टेबलाभोवती फेऱ्या मारणं थांबवा, आईला झोप लागत नाही. तो दहा हजारांचा आकडा १९६५ साली जपानात विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला आहे, कुठल्या वैद्यानं काढलेला नाही. सत्तरीच्या आसपासच्या बायकांवर पुढे अभ्यास झाला, त्यात साडेसात हजारांच्या पुढे आणखी फायदा दिसला नाही, आणि साडेचार हजारांनाही चांगलाच फरक पडला होता. तुमचे बाजारहाटात सहज होतात.

आई, तुला फेऱ्या सांगत नाही. तुझे गुडघे चालून दुखतात हे मला माहीत आहे. पण मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. खुर्ची भिंतीला टेकवून ठेव, हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं, जमेल तेवढं. सुरुवातीला हात टेकलेस तरी चालेल. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलायच्या, मग एका पायावर उभं राहायचं, मग दुसऱ्या. पासष्टीपुढच्यांनी तोल सांभाळायचे व्यायाम आठवड्यातून तीनदा तरी करावेत, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. ओटा सोडायचा नाही. ओल्या फरशीवर तर अजिबात नाही. झाले की तूही मला मिस्ड कॉल द्यायचा. तुझी वही मी ठेवीन आणि बाबांपेक्षा कडक ठेवीन.

राहता राहिले कंदी पेढे. पुण्याला येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती डबा देऊ नकोस. घरात असला की मी खाते, आणि तुझी आठवण काढत खाते, त्यामुळे दोन जास्त जातात. वाघ्या घेवडा पाठव, मेतकूट पाठव, शेंगदाण्याची चटणी पाठव. पेढा मी तिकडे आल्यावर तुझ्या हातून खाईन, एक, आणि त्या दिवशी किल्ला चढून येईन. रागावलीस तर आणखी अर्धा.

पार्सलमध्ये लांब रकान्यांची वही आहे, बाबांना आवडते तशी, आणि दोन लाल पेनं. नवं बीपीचं मशीन आहे, त्याचा पट्टा दंडाला बांधायचा, मनगटाला नाही, आणि बांधण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं, हे बाबांना उद्देशून आहे. आईचे बूट आहेत. चिकटपट्टीचे घेतले, वाकून नाडी बांधायला नको म्हणून. दुपारनंतर पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा घालून बघ. घट्ट झाले तर दुकानदार बदलून देणार आहे, पावती डाव्या बुटात खाली घातली आहे, रद्दीत टाकू नका.

तुमची,
बेबी